हत्तीमागची भिंत

"दोन्ही फायलींत तेच चित्र होतं," नवरा म्हणाला, "म्हणून जड होती ती उडवली आणि हलकी ठेवली. कॉम्प्युटर गच्च भरला होता ना."

तिने फोल्डर पुन्हा उघडून पाहिलं. तिच्या चित्रपुस्तकाची सगळी पानं जेपीजी होऊन शहाण्यासारखी ओळीत बसली होती. ज्यात तिने ती रंगवली होती ती मूळ पीएसडी फाइल एकही नाही. कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा नवरोजींनी रिकामी करून लख्ख ठेवली होती. घरातला केर काढायच्या वेळी ही तत्परता कुठे दडी मारून बसते कोण जाणे.

इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरत आली होती. मुखपृष्ठावर तिचं नाव येणारं हे पहिलंच पुस्तक. आणि आत्ताच संपादकबाईंचा फोन येऊन गेला होता. शेवटच्या पानावर मजकूर वाढलाय, तेवढा हत्ती डावीकडे सरकवून द्या. उद्या संध्याकाळपर्यंत पान आलं नाही, तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. "चुटकीसरशी होईल," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगून बसली होती.

तिने नवऱ्याला जवळ बोलावलं, पडद्यावरच्या हत्तीभोवती रेघ ओढली आणि हत्ती उचलून बाजूला ठेवला. तो उभा होता तिथे पांढरं भगदाड पडलं.

"मागची भिंत कुठे गेली?" त्याने विचारलं.

"जेपीजीत ती नसतेच. सगळं एकमेकांना चिकटून एकच चित्र होतं. वरचं दिसतं तेवढं राहतं, खालचं जातं. पीएसडीत सगळे थर सुटे होते. हत्ती वेगळा, भिंत वेगळी, भिंतीतली खिडकी वेगळी."

"पण हत्तीमागे लपणारी खिडकी काढलीस कशाला?"

"हत्ती सरकवावा लागतो म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. "फाइल खराब झाली म्हणून सांगूया. हवं तर मी करतो फोन."

"कुणाला काही सांगायचं नाही. पान उद्या जाईल."

राग तर असा आला होता की, त्याला चांगलं फैलावर घ्यावं. पण त्यात सगळी दुपार गेली असती, आणि दुपार तिला भिंतीसाठी हवी होती. तिने कोरा थर उघडला आणि गिलावा रंगवायला घेतला. मग त्यातले पोपडे, मग खिडकी, खिडकीच्या गजाला अडकवलेली गोष्टीतल्या छोट्या मुलीची टोपी. आठवेना तिथे ती थांबली नाही, नवं काढत गेली. दुसऱ्या दिवशी जेवण तिने कामाच्या टेबलावरच उरकलं. नवरा चहा आणून ठेवायचा आणि पाय न वाजवता परत जायचा. चार वाजता हत्ती डावीकडे सरकला आणि त्याच्यामागे खिडकी उघडी पडली. पहिलीपेक्षा बरीच छान जमली होती. तिला मनापासून आनंद झाला.

तिने फाइल सेव्ह करायला घेतली. कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

एवढी जागा खाल्ली कुणी, म्हणून तिने शोधलं. सगळ्यांत जाडजूड फोल्डर नवऱ्याचं निघालं. टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या फुटबॉलच्या मॅची. तिची पानं उडवून मोकळी केलेली जागासुद्धा नव्या मोसमाने भरून टाकली होती.

तिने त्याला हाक मारली. "तुझ्या मॅची जरा हलक्या करते. चित्र तेच राहील."

"छे, छे, तसं नको गं," तो घाईघाईने म्हणाला. "हलक्या केल्या की चेंडूच दिसत नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "काय उडवायचं ते तू ठरव. मला हत्तीला जागा हवी आहे, भिंतीसकट."