अंतऱ्यातली चूक

गायक वीरेंद्रभाऊंचा पंधरा वर्षांनी नवा अल्बम येतोय, ‘खोट्यांचा जमाना’, असं पेपरात वाचलं आणि पांढुर्ण्याहून बस धरून मी सौंसरला आलो. त्यांच्या प्रत्येक कॅसेटवर ढोलकी माझीच होती. त्यांच्या स्टुडिओच्या बंद दाराबाहेरून त्यांना फोन लावला.

“श्रावण, मी तं मुंबईले आहो रे. रेकॉर्डिंगचं अजून काईच ठरलं नाई. ठरलं का पयले तुलेच बोलावतो.”

आवाज फोनातूनही आला आणि दारामागूनही. त्याच्यामागे त्यांचंच नवं गाणं वाजत होतं: खोटं बोलणाऱ्याची जीभ झडो.

“मागं काय वाजून राहिलं, भाऊ?”

“हॉटेलातला टीव्ही आहे.”

माझं डोकं फिरलं. दारावर लाथ घालायला पाय उचलला, तेवढ्यात अंतरा सुरू झाला आणि ढोलकीची थाप घसरली.

पाय खाली आला. पहिल्या कॅसेटच्या वेळी कातडं सैल पडून माझी थाप नेमकी अशीच घसरली होती. भाऊंनी तेव्हा सगळ्यांसमोर माझी आई काढली होती, पण थाप तशीच कॅसेटवर राहिली होती. तीच थाप, त्याच जागी. जुन्या कॅसेटमधून माझे हात कापून त्यांनी नव्या गाण्याला चिकटवले होते.

मी फोन बंद केला आणि दाराबाहेरूनच ओरडलो, “भाऊ, अंतऱ्याले माही थाप घसरते, तेवढी कापाची राहिली! दार उघडा, मुंबईत येऊन मीच कापून देतो!”