ऑस्ट्रेगुंडची घोंगडी

ऐन तारुण्यात सरदारघरचे वैभव सोडून ऑस्ट्रेगुंड मोझ नदीकाठच्या मठात संन्यासिनी झाली होती. आता म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली होती, आणि दर्शनाला येणारा प्रत्येक भाविक तिच्या घोंगडीचा तुकडा औषध म्हणून कापून नेत होता. तिची शुश्रूषा करणारी गेर्लिंड रोज सकाळी तिला नवी घोंगडी पांघरवी; ऑस्ट्रेगुंडच्या अंगाला लागताच तीही पवित्र ठरे आणि दुपारपर्यंत तिचे फडके उरे. त्यात यंदा नदीसुद्धा गोठली होती.

"माई, थंडी ओसरेपर्यंत तरी दार लावू या," गेर्लिंडने मठाच्या प्रमुख बाईंना विनवले.

"दार लावलं तर भाविकांचं दान बंद; मग खायचं काय, बर्फ?" त्या म्हणाल्या. "आणि संतांना कसली आलीय थंडी."

ऑस्ट्रेगुंडचे ओठ निळे पडले होते. "जा, बाहेर रांगेत उभ्या लोकांना सांग," ती कशीबशी म्हणाली. "मी संत नाही. माझ्यामुळे कधी कुणी बरं झालेलं नाही. मला नुसती थंडी वाजतेय."

गेर्लिंडने दाराशी येऊन तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. हे माझे नव्हे, तिचेच म्हणणे आहे, असेही बजावले. रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिले. आता लोक परततील, असे गेर्लिंडला क्षणभर वाटले.

 

सर्वांत पुढच्या म्हातारीने डोळे पुसले. "संतच असं बोलतात गं, पोरी," ती म्हणाली, आणि रांग आत सरकली.