एका वेळी एकच

“एक म्हणजे अगदी एकच? की आपलं म्हणायला एक?” सरांनी विचारलं.

“एकच.” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

प्रयोगशाळेत यंत्रं दोन होती आणि जागा एकापुरती. कोणतं ठेवायचं ते आज समिती ठरवणार होती. सरांचं जुनं यंत्र आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, नुसता फवारा मारायचं. त्यातला एखादा चुकूनमाकून केसाहून बारीक भोकातून पार व्हायचा आणि सर त्याला नेम म्हणायचे. तिचं यंत्र एकच आयन विजेच्या पिंजऱ्यात धरायचं, लेझरने थंडगार करायचं आणि बटण दाबलं की तसल्याच भोकातून नेमका सोडायचं. ती सरांचीच विद्यार्थिनी. पण कौतुक राहिलं बाजूला, सरांच्या पोटात दुखत होतं. तिलाही त्यांचा मनापासून तिटकारा होता.

समितीच्या अध्यक्षबाई कारभार बघणाऱ्या, विज्ञानाशी त्यांचा संबंध सह्यांपुरता. पडद्यावरच्या निळ्या ठिपक्याकडे बघून त्यांनी विचारलं, “हाच का तो?”

“हाच. मी बटण दाबलं की तो भोकातून पलीकडे जाईल आणि तिथल्या मोजणीयंत्राच्या खिडकीत एकचा आकडा येईल.”

“घोडामैदान जवळच आहे,” सर म्हणाले. लेझरचे आरसे बघितल्यासारखं करत ते टेबलावर वाकले आणि हात तिथेच टेकवला.

पडद्यावरचा ठिपका विझला.

“गेला! बघितलंत ना, बाई? बडा घर, पोकळ वासा. माझं यंत्र जुनं असेल, पण असं ऐन वेळी तोंडघशी पाडत नाही.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

तिला सरांच्या पांढऱ्या बाहीवर जांभळा डाग दिसला. लेझर तिथे अडला होता. लेझर नसला की आयन दिसत नाही, पण त्याला धरून ठेवतो तो पिंजरा. आयन अजून आत होता, फक्त तापत चालला होता. आणखी तापला की भोक चुकणार. हे तिला सरांनीच शिकवलं होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. हात काढा म्हणावं, तर कसला हात, कुठला हात करत ते वेळ काढणार.

तिने बटण दाबलं.

पलीकडे टक् झालं. खिडकीत शून्याचा एक झाला.

“अहो, पण तो तर गेला होता ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

सर अजून तसेच वाकलेले होते. कान लाल झाले होते. ती बाईंऐवजी त्यांच्याकडे वळली.

“सर, आता काढा हात,” ती म्हणाली. “अडवायला तिथे काही उरलेलं नाही.”