थोरल्याची करंगळी

सोलापुरातल्या उंच इमारती बांधणारा थोरला नावाचा अजस्र यंत्रमानव सकाळी बिथरला आणि आपणच उभारलेलं शहर मोडत सुटला. त्याला अडवायला रक्षकांचं पथक धावलं. त्यातला दस्तगीर एरवी ट्रक चेंडूसारखा भिरकावायचा. थोरल्यानं त्याला टिचकीसरशी उडवलं.

"जमुना, मागं फीर!" ढिगाऱ्यातून तो ओरडला. "हॉस्पिटलकडं वळलाय बघ!"

पथकातल्याच, उडत आलेल्या जमुनानं मूठ उगारली आणि तिला थोरल्याच्या करंगळीवर दोरी घासून पडलेल्या खाचा दिसल्या. तिची आई याच्याच हाताखाली पाट्या वाहायची. साइटवर झाड नसायचं, म्हणून दुपारच्या सुट्टीत बाया लेकरांच्या झोळ्या या करंगळीला बांधायच्या. मग सुट्टी संपून मुकादम कितीही बोंबलला, तरी लेकरू उठेपर्यंत थोरला जागचा हलत नसे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जमुना त्याच झोळीत वाढली होती.

तिनं पाठीवरचा लाल शेला सोडला, त्याची टोकं खाचांत आवळून झोळी केली आणि आत गुडघे पोटाशी घेऊन डोळे मिटले.

हॉस्पिटलवर उगारलेला पाय हवेतच थांबला. मग तो इतक्या अलगद खाली टेकला, की धूळसुद्धा उडाली नाही.

"मानेपाशी पोचलोय," तिच्या कानातल्या यंत्रात दस्तगीर कुजबुजला. "वीज तोडू का?"

तेवढ्यात करंगळी हलली. भाकरी खाताखाता आई पायानं द्यायची, तसा बेताचा एक झोका.

"थांब," जमुना म्हणाली. "जरा थांब."