मुठीतले एकवीस दिवस

एकवीस दिवस एक तापती कडी काचेच्या नळीवरून मुंगीच्या पावलानं खाली उतरत होती. कडीपाशी नळीतला क्षार वितळायचा, तिच्यामागे गोठायचा आणि घाण तळाकडे ढकलली जायची. आज वर शुभ्र स्फटिक होते, तळाशी बोटभर पिवळा थर. घाणीचं ते टोक कापून टाकायचं राहिलं होतं. तेवढ्यात निवृत्त होणारे सर लेकीचा हात धरून निरोप घ्यायला प्रयोगशाळेत आले. “बघ, हे माझं काम,” म्हणत त्यांनी नळी मुठीत धरली. मी पुढे झाले. लेकीनं नजरेनंच थांबवलं. परवा त्यांनी तिलाच तिचं नाव विचारलं होतं. आज मात्र प्रयोगाचा एकही आकडा न चुकता ते बोलत राहिले, आणि त्यांच्या बोटांमागून पिवळा रंग वर चढत गेला. शेवटी नळी माझ्यापुढे धरून त्यांनी दटावलं, “चिमट्यानं घे गं. हाताच्या उबेनंसुद्धा वितळतं हे.” “हो सर.”