साठ दिवसांचं गाजर

बियाण्याच्या दुकानातल्या यंत्रावर देवरामने तळहात टेकवला. पेरणाऱ्याचे जेवढे दिवस उरलेत, तेवढ्यात निघणाऱ्या पिकाचंच बी यंत्र द्यायचं. एकही दाणा वाया जाऊ नये म्हणून तसा कायदाच होता. दरसाल त्याला शंभर दिवसांचं लाल गाजर मिळे. आज साठ दिवसांचं पाकीट पडलं.

"यंदा पेरणीला उशीर झाला ना, म्हणून लवकरचं वाण दिलं असेल," त्याची बायको गोदावरी घाईघाईने म्हणाली. दुकानदार तिच्याकडे बघेना. तेव्हा तिने चिडून स्वतःचा हात यंत्रावर आपटला.

शंभर दिवसांचं पाकीट पडलं.

शेतात देवरामने साठ दिवसांचं बी तळहातांत चोळून त्याची कुसं काढली, राखेत मिसळलं आणि सरीसरीने पेरलं.

"गोदे, कडेच्या दोन सरी उपटू नको. होळीच्या सुमारास फुलं येतील. त्यांचं बी धर."

"त्या बियाचं मी काय करू?" तिने विचारलं.

"पेर. घरच्या बियाला हात दाखवावा लागत नाही."