जाणकाराचं मत

सर्व्हिस मॅनेजर ललितने कापडात गुंडाळलेला गिअर टेबलावर ठेवला. तीन दाते मुळापासून उडाले होते.

“बघा ताई. हा फुटला आणि आतले आणखी दोन घेऊन गेला. मजुरी धरून अठ्ठेचाळीस हजार होतील.”

सरिताने गिअरकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या भावाकडे.

“वॉरंटी संपून एकवीस दिवस झालेत फक्त,” ती म्हणाली.

“एकवीस काय आणि एक काय. तारीख उलटली की कॉम्प्युटर घेतच नाही.”

“गाडी बंद पडली तेव्हा आत अकरा पोरं होती. भर त्र्यंबक रोडवर. मागून कंटेनर येत होते. एकेकाला हाताला धरून कडेला नेलं मी. सोमवारपासून त्यांच्या परीक्षा आहेत. तोपर्यंत व्हॅन नाही आली तर आम्ही दुसरी बघू, असं पालकांनी तोंडावर सांगितलंय. माझं घर त्या व्हॅनवर चालतं हो.”

ललित वाईट माणूस नव्हता. त्याने उठून केबिनचं दार लोटलं.

“एक रस्ता आहे. माल मुळातच सदोष होता असं निघालं, तर वॉरंटी संपल्यावरही कंपनी खर्च उचलते. पण अर्जासोबत जाणकाराचं मत लागतं. नाव, हुद्दा, सही. आमच्या माणसाचं चालत नाही, बाहेरचाच लागतो.”

सरिताचा चेहरा एकदम उजळला.

“म्हणून तर दादाला आणलंय! सावळीराम. माझा सख्खा भाऊ. अंबडला कंपनीत इन्स्पेक्टर आहे, सत्तावीस वर्षं झाली. गिअरच तपासतो तो.”

“मग काय हवं!” ललितने छापील अर्ज पुढे सरकवला. “काका, तुम्ही चार ओळी लिहा. पुढचं मी बघतो. हा नग तपासणीला जाईल. कुठे बनला, कोणी पास केला, सगळं नंबरावरून निघतं.”

सावळीरामने चष्मा लावला. गिअर उजेडाकडे धरला. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी चकाकत होती. भट्टीत बिघडलेला माल असाच तुटतो. नवशिक्यालाही कळलं असतं.

त्याने अंगठ्याने कडेचं ग्रीस पुसलं. खाली लॉटचा नंबर होता. शेजारी एक बारीक गोल, त्यात सतरा.

पास झालेल्या नगावर मारायचा सतरा नंबरचा पंच नऊ वर्षं त्याच्याच ड्रॉवरमध्ये होता.

लॉट त्याला आठवत होता. त्याने त्याला नापास मालाचा लाल टॅग लावला होता. दुपारी साहेब स्वतः खाली आले होते. ‘ट्रक दारात उभा आहे, तिकडे लाइन थांबेल. काही होत नाही रे, सावळीराम.’ त्याने टॅग काढला होता आणि संध्याकाळपर्यंत एकेका नगावर पंच मारला होता. नऊशे नग. पुढे दोन दिवस उजवा खांदा दुखत होता.

साहेबांची कुठेच सही नव्हती.

“काय दिसतंय, दादा?”

सावळीरामने गिअर खाली ठेवला. कापड वर ओढलं.

“माल बरा आहे.”

“नक्की का, काका?” ललित पुढे झुकला. “मला तर ती तुटलेली जागा बघून वाटलं की...”

“बरा आहे म्हणतो ना. हाच धंदा करतोय मी सत्तावीस वर्षं.” आवाज जरा चढला, तसा त्याने तो खाली आणला. “क्लच अर्धवट दाबून गिअर टाकला, की दाते असेच जातात.”

सरिता त्याच्याकडे बघतच राहिली.

“मी? अरे, बारा वर्षं गाडी चालवतेय मी.”

“सवय लागते. आपलं आपल्याला कळत नाही.”

ललितने कोरा अर्ज उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कीबोर्ड जवळ ओढला. “मग कारण चालकाची चूक असं टाकतो,” तो म्हणाला. प्रिंटरमधून कागद आला. सरिताने कागद वाचला, सावकाश सही केली.

“निम्मे मी भरतो,” सावळीराम म्हणाला.

“नको. चूक माझी, तू कशाला भरायचे?”

बाहेर ऊन होतं. गेटवर रिक्षा मिळाली. सातपूरला जायचं होतं. रिक्षावाल्याने काय विचारलं ते दोघांनाही ऐकू आलं नाही, त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरिताने पत्ता सांगितला.

पहिला सिग्नल गेला. सावळीराम बाहेर बघत होता. मग त्याची नजर खाली गेली. सरिताचा डावा पाय रिक्षाच्या पत्र्यावर होता. चप्पल काढलेली. पाय दाबत होता, सुटत होता, पुन्हा दाबत होता. दर वेळी टाच पूर्ण टेकेपर्यंत.

“असाच ना, दादा?” तिने विचारलं. “अगदी खालपर्यंत?”

“हो,” सावळीराम म्हणाला.